आपल्या गावातली गाणी : शंभर वर्षांत काय आलं, काय गेलं



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. स्मरणिकेसाठी काही जुना इतिहास लिहा, असं मंडळींनी मला सांगितलं. राजांचा आणि लढायांचा इतिहास शिकलेल्या लोकांनी लिहून ठेवलाय. मी चौथी शिकलेला माणूस. भाताची शेती केली आणि कीर्तन केलं. म्हणून मला जे ठाऊक आहे तेच लिहितो. शंभर वर्षांत आपल्या गावात गाणी कुठून आली, कशी आली, आणि कोणती गेली.

आधी गाणी पायानं यायची. तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 साली पालखी सुरू केली, माउलींच्या पालखीला आजचं रूप एकोणिसाव्या शतकात हैबतबाबांनी दिलं. आषाढात आपल्याकडे लावणी असते, गडी शेत सोडून निघणार कसा? म्हणून आपल्या कोकणातले पुष्कळ वारकरी कार्तिकीला जातात. आपले वडीलधारे पेण, खोपोली करत बोरघाट चढून चालत जायचे. वाटेत दुसऱ्या दिंडीची एखादी चाल कानावर पडायची. ती गुणगुणत माणूस घरी यायचा. घरी येईपर्यंत ती थोडी बदललेली असायची. मग आपल्या गावचा पखवाजी तिला आपला ठेका लावायचा. अभंग तोच, पण देशावरची चाल वेगळी, आपली वेगळी. खाडीपलीकडच्या गावची आणखी वेगळी. चुकली असं कोण म्हणत नव्हतं. त्या गावची तशी, एवढंच म्हणायचे.

पण जुनं ते सगळं इथलंच होतं, असंही नाही. आपल्या अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला बेने इस्रायली लोकांचे पूर्वज गलबत फुटून उतरले, असं ते लोक सांगत आले. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. 1880 च्या सुमारास याच लोकांनी मुंबईत मराठीतून कीर्तनं सुरू केली. आख्यान त्यांच्या धर्मग्रंथातलं, अब्राहामाचं, योसेफाचं, पण रीत आपल्या हरिदासांची. म्हणजे कीर्तन आपल्या शेजाऱ्यानं उचललं आणि आपलं करून घेतलं. पुढे 1948 नंतर त्यातले बहुतेक इस्रायलला गेले, पण मराठी सोबत घेऊन गेले.

आणि आपली पेटी? देवळातल्या भजनात पेटी नसली तर आज चुकल्यासारखं वाटतं. ती तर युरोपातली. पॅरिसच्या देबेन नावाच्या कारागिरानं 1842 साली तिचं पेटंट घेतलं. तिचा भाता पायानं चालायचा. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताच्या भात्याची पेटी केली, तेव्हा आपल्याला मांडी घालून वाजवता आली. आकाशवाणीनं 1940 पासून तीसएक वर्षं पेटीला बंदी घातली होती, कारण काय तर ती परदेशी. देवळात मात्र ती वाजतच राहिली. चालत्या दिंडीत अजून वीणा, टाळ आणि पखवाज एवढंच आहे. ते तसंच असावं, असं माझं मत.

मग गाणी तारेनं आणि पडद्यावरून यायला लागली. 1936 साली प्रभात कंपनीचा संत तुकाराम हा बोलपट आला. दामले आणि फत्तेलाल यांनी तो काढला, विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले. दुसऱ्या वर्षी परदेशात व्हेनिसला त्याचा गौरव झाला. त्यात बीजाचा एक अभंग आहे. तो तुकोबांच्या गाथेतला नाही, शांताराम आठवले यांनी बोलपटासाठी लिहिला. पण तो इतका गोड निघाला, की गावोगाव लोक तुकोबांचाच म्हणून गाऊ लागले. मीही तरुणपणी तो गाथेतला समजूनच म्हणत होतो. एका जाणत्या महाराजांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तेव्हा मी ओशाळलो.

1955 साली पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं. गदिमांचे शब्द आणि सुधीर फडक्यांची चाल, छप्पन्न गाणी, वर्षभर. मग कोळीगीतं रेडिओवर आली. डोलकराचं गाणं आपण सगळे आपलंच म्हणतो, पण ते शांता शेळके यांनी लिहिलं, त्या देशावरच्या. त्यानंतर कॅसेट आली. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज एस.टी. स्टँडपासून देवळापर्यंत पोचला.

यात वाईट काही नाही. पण एक फरक पडला. पायानं आलेलं गाणं प्रत्येक गावात वेगळं व्हायचं. तारेनं आलेलं गाणं अलिबागला तेच, नागपुरालाही तेच. पोरं कॅसेटबरहुकूम म्हणायला लागली. एखाद्या म्हाताऱ्यानं गावची चाल लावली, तर म्हणायची, बाबा, चुकलात. दुसरा फरक असा, की आधी सगळे गायचे. आता एक गातो आणि आपण ऐकतो.

पुढे थळला खताचा कारखाना आला. 1989 साली न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं. जमिनी गेल्या, काहींच्या हातात पैसा आला. हळदीला बेंजो आला, मग डीजे आला. आणि धवला गेला. नव्या पोरांना सांगतो, आपल्या आगरी लोकांत लग्न धवलारीण लावायची. देवांना आवतण देण्यापासून मांडव, हळद, लगीन, सगळं ती बाई गाण्यातून करायची. पोथी नाही, कागद नाही, सगळं तोंडपाठ. सासूकडून सुनेकडे, मावशीकडून भाचीकडे यायचं.

आता माझी चूक सांगतो. माझ्या मुलीच्या हळदीला मी बेंजो बोलावला. पावणे काय म्हणतील, ही एकच काळजी. गावच्या धवलारीण आजीलाही मानानं आणून बसवलं होतं. तिनं दोनदा तोंड उघडलं, पण बेंजोपुढं तिचा आवाज कुणाला ऐकू येणार? उठताना ती एवढंच म्हणाली, "बाला, मना बोलवलास, पन धवला बोलू दिला नाय." पुढल्या पावसाळ्यात ती वारली. तिच्याबरोबर तिचं सगळं गेलं. मी गावोगाव कीर्तनात संतांचे शब्द जपा म्हणून सांगत फिरत होतो, आणि माझ्याच मांडवात हे झालं.

म्हणून आपल्या दिंडीत दोन-तीन वर्षांपूर्वी जो वाद झाला, त्यावर आज वेगळं बोलतो. पोरांनी सिनेमाच्या चालीवर अभंग म्हटला. मी रागावलो, एका पोराच्या हातातले टाळ काढून घेतले. तो पुढं दिंडीत आला नाही. माझं ते चुकलं. चाल कुठून आली हे विचारायला गेलं, तर पेटीही बाहेरचीच आणि बीजाचा अभंगही बोलपटातला. विचारायचं ते दुसरंच. ती चाल सगळ्यांना म्हणता येते का? शेवटच्या ओळीतली म्हातारी त्यात टाळी देते का? शब्द झाकले जात नाहीत ना? एवढं असेल तर ती चाल दहा वर्षांत आपली होईल. नसेल तर कितीही जुनी असो, ती आपली नाही.

शंभराव्या वर्षी माझी दोन मागणी आहेत. आपल्या पाच गावांत मिळून धवला येणाऱ्या ज्या दोन-चार आयाबाया उरल्यात, त्यांच्याकडे पोरांनी मोबाईल घेऊन जावं, धवला भरून घ्यावा, आणि निदान एका सुनेनं तरी तो तोंडपाठ करावा. कारण मोबाईलमध्ये ठेवलेलं गाणं लग्न लावत नाही, तोंडातलं लावतं. दुसरी मागणी त्या पोराकडे. बाळा, तुझे टाळ माझ्या घरी खुंटीला आहेत. कार्तिकीला ये. चाल तू लाव, आम्ही मागून म्हणतो.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल.