विस्तीर्ण भूरूप-प्रतिमान
भूदृश्यरचनेच्या सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या प्रदेशाचे चढउतार त्रिमितीत उभे करणारी संगणकीय प्रतिकृती. मोजलेले उंचीबिंदू त्रिकोणांनी जोडून पृष्ठभाग तयार होतो; गणितज्ञ बोरिस डेलोने यांनी १९३४ मध्ये मांडलेली त्रिकोणरचना त्यासाठी आजही पायाभूत आहे. खरी अडचण आकारमानाची. दर मीटरला एक बिंदू धरला, तरी १ चौ. किमी.साठी सुमारे १० लाख, १०० चौ. किमी.साठी १० कोटी बिंदू होतात. म्हणून प्रदेशाचे तुकडे पाडतात, सपाटीवरचे बिंदू विरळ करतात. कडे, नाले, बांध यांच्या रेषा मात्र राखाव्याच लागतात, नाहीतर पाण्याचा प्रवाह चुकीचा दिसतो. दूरच्या डोंगरांसाठी २००० साली एंडेव्हर अंतराळयानातून सुमारे ३० मी. अंतराअंतराने घेतलेली उंचीमापने पुरतात. प्रत्यक्ष बांधकामाच्या जागेसाठी ती वापरू नयेत.