शरणपूर रोड आणि त्र्यंबक रोड : तरुणांपर्यंत चर्च पोचलं कसं?

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी लेखी स्वरूपात मागितलं, म्हणून बोललेलंच थोडं नीटनेटकं करून इथे देतोय. अधेमधे बोलीभाषा येईल, सांभाळून घ्या.

सुरुवातीलाच सांगतो, मी ख्रिस्ती नाही. मी त्र्यंबकेश्वरचा. लहानपण कुशावर्ताच्या आसपास गेलं, आजीबरोबर निवृत्तिनाथांच्या समाधीला जाणं हे आमच्या घरचं नेहमीचं. बीटेकला नाशिकला आलो तेव्हा माझा पहिला मित्र झाला तो शरणपूरचा, ख्रिस्ती घरातला. चार वर्षं मी त्याच्या घरी जेवलो. काकूंनी कधी मला प्रार्थनेला बस म्हटलं नाही आणि कधी ऊठही म्हटलं नाही. ताट वाढायच्या आधी ते डोळे मिटायचे, मी पण मिटायचो.

या वर्षी त्याच्या मंडळीतल्या एका ज्येष्ठांनी मला विचारलं, "तू इतिहासावर बोलतोस ना? मग आमच्या तरुण संघापुढे बोल. पोरं बारावीपर्यंत येतात, कॉलेजला गेली की गायब. पूर्वी कसं जमायचं?" (मराठी ख्रिस्ती लोक चर्चच्या समाजाला 'मंडळी' म्हणतात. म्हणून मी 'नमस्कार मंडळी' म्हटलं की माझा मित्र हसतो.)

मी मित्राला फोन लावला. तो आता पुण्यात आयटीत आहे आणि त्याला चर्चमध्ये जाऊन दोन वर्षं झालीत. मी विचारलं, "का रे सोडलंस?" तो म्हणाला, "सोडलं असं नाही रे. मला साउंड सिस्टीम बघायला सांगायचे, गिटार वाजवायला सांगायचे, स्लाइड बनवायला सांगायचे. एकदा एक प्रश्न विचारला, तर म्हणाले विश्वास ठेव."

हे वाक्य डोक्यात ठेवूनच मी जुनी पानं उलटायला घेतली.

पहिला रस्ता : शाळा आणि कोर्ट

गोष्ट मुंबईत सुरू होते. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले. १८३२ मध्ये त्यांनी इंग्रजी शाळा काढली, तिचंच पुढे विल्सन कॉलेज झालं. पद्धत सरळ होती. इंग्रजी, गणित, विज्ञान शिकवायचं आणि त्याच वर्गात बायबल. पालकांना इंग्रजी हवी होती, कारण इंग्रजीत नोकरी होती. मुलांना मात्र तिथे आणखी एक गोष्ट मिळाली, ती म्हणजे वाद घालायची मुभा. विल्सन स्वतः हिंदू, पारशी आणि मुसलमान विद्वानांशी जाहीर वाद करत.

१८३९ साली या शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी. धनजीभाई तेव्हा सतराच्या आसपासचे, म्हणजे आजच्या हिशेबात अकरावी-बारावीचं पोरगं. पारशी समाज हादरला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि पालकांनी आपली मुलं शाळेतून भराभर काढून घेतली.

१८४३ मध्ये पुन्हा तेच. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला आणि त्याचा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्याच्या घरी राहायला गेला. श्रीपत अजून लहान होता. कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. आता पेच असा, की मिशनऱ्याच्या घरी राहिलेला, जेवलेला मुलगा जातीत परत घ्यायचा की नाही? 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर म्हणाले, प्रायश्चित्त देऊन घ्या. सनातन्यांनी बाळशास्त्रींवरच बहिष्काराचं हत्यार उपसलं.

मला या प्रकरणात त्या मुलाचा विचार येतो. एका बाजूला मिशन, दुसऱ्या बाजूला जात, मध्ये कोर्ट. त्याला काय हवं होतं, हे त्या गदारोळात किती जणांना ऐकू आलं असेल?

धनजीभाई आणि नारायण शेषाद्री दोघेही पुढे पाळक झाले. शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. म्हणजे शाळेने माणसं घडवली, हे खरं. पण प्रत्येक घडलेल्या माणसामागे एक तुटलेलं घर होतं, हेही तितकंच खरं.

दुसरा रस्ता : मित्र, पुस्तकं, शंका

त्याच पिढीतले बाबा पदमनजी. जन्म १८३१, बेळगावचा. शिक्षण बेळगावला आणि मुंबईला मिशनच्या शाळांत. पण ते एका उडीत ख्रिस्ती झाले नाहीत. मधली वर्षं वाचन, वाद आणि घालमेलीची. त्या काळात मुंबईत परमहंस सभा होती, १८४९ ची. दादोबा पांडुरंग तिच्यातले प्रमुख. तरुण मंडळी गुपचूप जमायची, जातिभेद मोडायची, एकत्र खायची, एका देवाची प्रार्थना करायची. पदमनजी त्या वर्तुळातही वावरले.

सभा गुप्त होती, कारण उघड व्हायची हिंमत नव्हती. नंतर सभासदांची नावं फुटली आणि सभा मोडली. पदमनजींनी मात्र १८५४ साली, तेविसाव्या वर्षी, उघडपणे बाप्तिस्मा घेतला. तीन वर्षांनी त्यांनी 'यमुनापर्यटन' लिहिलं, हिंदू विधवांच्या हालांवर. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण परीक्षेला पाठ करतो ती हीच. १८८८ मध्ये 'अरुणोदय' हे आत्मचरित्र आलं.

'अरुणोदय' मला का महत्त्वाचं वाटतं? कारण त्यात आधीच ठरलेल्या उत्तराची घाई नाही. एक तरुण अनेक वर्षं शंका घेऊन फिरतो आणि त्याच्याभोवती अशी माणसं आहेत जी त्याला शंकेसकट चालवून घेतात. मित्र, शिक्षक, पुस्तकं. माझ्या मित्राला एका प्रश्नानंतर जे मिळालं नाही, ते हेच.

तिसरा रस्ता : शरणपूर

आता आपल्या नाशिकला येऊ. चर्च मिशनरी सोसायटीचं काम नाशिकला १८३२ पासून. १८५० च्या दशकाच्या मध्यावर विल्यम प्राइस यांनी गावाबाहेर शरणपूर वसवलं. नावातच शरण आहे. शाळा, सुतारकाम, लोहारकाम, वस्ती. आज आपण शरणपूर रोडवर ट्रॅफिकमध्ये हॉर्न वाजवतो, तिथली ही गोष्ट.

इथे आफ्रिकेतली मुलंही होती. अरबी समुद्रात गुलामांची जहाजं ब्रिटिश नौदल पकडायचं आणि सुटलेली मुलं मुंबईला उतरायची. त्यातली बरीच शरणपूरला आली. भाषा गेली, आईबाप गेले, नावं नवी मिळाली. शिकली, हत्यारं चालवायला शिकली, बायबल वाचायला शिकली. पूर्व आफ्रिकेत या मुलांना 'नाशिक बॉइज' म्हणत.

१८६४ मध्ये विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे शरणपूरचे तरुण मोंबासाजवळ मिशनच्या कामाला गेले. १८८५ मध्ये दोघांना दीक्षा मिळाली. १८६५ मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन यांनी आपल्या शेवटच्या मोहिमेसाठी इथूनच नऊ तरुण निवडले. १८७२ मध्ये आणखी काही जण त्यांना जाऊन मिळाले, त्यात जेकब वेनराइट होता.

१ मे १८७३. आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावात लिव्हिंगस्टन वारले. बरोबरच्या माणसांनी ठरवलं, देह किनाऱ्यापर्यंत न्यायचा. काळीज तिथेच झाडाखाली पुरलं. शरणपूरला शिकलेल्या जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव कोरलं. मग कित्येक महिने पायी चालत ते १८७४ च्या फेब्रुवारीत किनाऱ्याला पोचले. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये दफन झालं, तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्यांत जेकब होता.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थांबलो. नाशिकला शिकलेला, गुलामीतून सुटलेला एक तरुण ॲबीत उभा आहे, आणि आमच्या शाळेत याचा एक शब्द नाही!

पण भाबडेपणा नको. या मुलांना निवड कुठे होती? ज्यांचं सगळं हिरावलं गेलंय त्यांना आसरा देणं चांगलंच. मात्र आसरा देणारा जे सांगेल ते ऐकण्यावाचून त्यांना दुसरा रस्ता नव्हता. तरीही एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. शरणपूरने या तरुणांच्या हातात खरं काम दिलं, जबाबदारीचं. स्लाइड बदलायचं नव्हे. जेकब मोहिमेत लिहिणारा-वाचणारा माणूस होता. जोन्स आणि सेमलर पाळक झाले. विश्वास आणि काम त्यांच्या आयुष्यात वेगळं राहिलं नाही.

चौथा रस्ता : रेल्वेचा डबा आणि नगरचं घर

आता नारायण वामन टिळक. जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. तरुणपणी नाशिकला आले, गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकले. बायको लक्ष्मी, नाशिकजवळच्या जलालपूरची, लग्नात अकरा वर्षांची.

टिळकांना कुठल्या चर्चने 'गाठलं' नाही. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. कवितेवर गप्पा झाल्या. उतरताना त्यांनी नवा करार हातात दिला आणि वाचायचं वचन घेतलं. टिळकांनी वचन पाळलं आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन अडकले. मग नाव लपवून पत्रव्यवहार, प्रश्न, उत्तरं. 'ज्ञानोदय'चे जस्टिन ॲबट यांच्याशी संपर्क झाला. हेच ॲबट पुढे मराठी संतांची इंग्रजी भाषांतरं करण्यात रमले. म्हणजे ज्याने टिळकांना ऐकून घेतलं, त्याला टिळकांच्या मातीतलंही ऐकायचं होतं.

१० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा झाला. आणि घर फुटलं. लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन नातलगांकडे राहिल्या. काही वर्षांनी नगरला आल्या, आधी आपलं सोवळं-ओवळं सांभाळत, मग हळूहळू, स्वतःच्या डोक्याने विचार करत. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' वाचलं नसेल तर वाचा. धर्मांतराची किंमत बायकोच्या बाजूने काय असते, हे इतक्या हसत आणि इतक्या खरेपणाने क्वचितच कुणी लिहिलं असेल.

ख्रिस्ती झाल्यावर टिळकांनी अभंग सोडला नाही, कीर्तन सोडलं नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. मराठी चर्चमध्ये आजही त्यांची गीतं गातात. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचं कामही सोडलं आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही जागा होती. दोन वर्षांत टिळक गेले आणि दरबार फार पुढे गेला नाही.

पण माझ्यासाठी या सगळ्याचा गाभा दरबारात नाही, नगरच्या घरात आहे. त्या घरात एक तरुण कवी येऊन राहिला होता. नाव त्र्यंबक बापूजी ठोमरे. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात ज्याला 'बालकवी' म्हटलं गेलं, तोच. लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखं वागवलं. रुसवे-फुगवे, जेवणं, कविता, सगळं त्या घरात. तो ख्रिस्ती झाला नाही. आणि म्हणून घराचं दार बंदही झालं नाही. १९१८ मध्ये, सत्तावीस वर्षांचा असताना, भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली तो गेला. आज मीही त्याच वयाचा आहे.

मग तरुण संघाला मी काय सांगितलं?

साधारण वीस जण होते. निम्मे पालकांनी पाठवलेले, हे चेहऱ्यावरून कळत होतं. मी चारही गोष्टी सांगितल्या आणि शेवटी एवढंच म्हणालो. शाळेने मुलं जमली, पण घाई झाली तिथे घरं तुटली. पदमनजी टिकले, कारण शंकेला वेळ मिळाला. जेकबवर कुणीतरी खऱ्या कामाचा भरवसा टाकला. आणि टिळकांच्या घरात पानाला हिशेब नव्हता. आमच्या त्र्यंबकला सांगतात, निवृत्तिनाथांना वाघाच्या भीतीने पळताना ब्रह्मगिरीच्या गुहेत गहिनीनाथ भेटले. म्हणजे शिष्य शोधायला गुरू बाहेर पडलाच नव्हता. पोरगं घाबरून आत आलं, तेव्हा तो तिथे होता, एवढंच.

ज्येष्ठ म्हणाले, "म्हणजे आम्ही करायचं काय?" मी म्हटलं, "काका, पुण्याला गेलेल्या पोरांना फोन करा. रविवारी या म्हणायला नको. काय चाललंय, विचारा. आणि प्रश्न आला तर फोन ठेवू नका." पाठीमागे बसलेल्या एका मुलीने हात वर केला. "आणि उत्तर माहीत नसेल तर?" काका थोडे थांबले. मग म्हणाले, "तर तसं सांगेन."

ती पहिल्यांदा हसली. माझ्या मते त्या दिवशीचं खरं भाषण तेवढंच झालं.

रात्री मित्राला हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काकांचा नंबर तोच आहे का रे?" मी नंबर पाठवलाय. पुढचं त्या दोघांचं.

चला मंडळी, भेटू पुढच्या एपिसोडला. आणि शरणपूर रोडवर सिग्नलला अडकलात, तर एकदा जेकबची आठवण काढा.