आपल्याच वस्तीतला समुपदेशक: कागदपत्रे नसलेल्यांपर्यंत मानसिक उपचार कसे पोहोचतात?

मन आजारी असेल तर डॉक्टरकडे जावे, हे सांगणे सोपे आहे. पण सातपुड्याच्या पायथ्याचा पाडा, गुजरातच्या वाटेवरचे मजूर कुटुंब किंवा गावाबाहेर पाल टाकून राहणारी भटकी जमात यांच्यासाठी दवाखान्याची पायरी उंच असते. रेशनकार्ड नाही, जातीचा दाखला नाही, पत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. अशा लोकांना त्यांच्यातलाच एखादा माणूस प्रशिक्षण घेऊन आधार देऊ शकतो का?

ही कल्पना काय आहे?

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक आजार होता. बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. मानसोपचारतज्ज्ञ मोजके आणि तेही शहरांत. म्हणून सौम्य व मध्यम त्रासासाठी गावातल्याच व्यक्तीला शिकवायचे आणि गंभीर रुग्ण तज्ज्ञाकडे पाठवायचे, अशी पद्धत पुढे आली.

झिम्बाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये आजीबाईंना असे प्रशिक्षण दिले. त्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून लोकांचे ऐकतात. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने २०१४ मध्ये कायदा करून अधिकृत कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांनाही व्यावसायिक परवान्याची वाट मोकळी केली. त्यामुळे शिक्षण व परीक्षेच्या अटी पूर्ण करणाऱ्याला तिथे आपल्याच समाजासाठी परवानाधारक थेरपिस्ट होता येते.

महाराष्ट्र-गोव्यात काय झाले?

गोव्यात 'संगाथ' संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर अभ्यास केला. काहींना नेहमीचे उपचार मिळाले, काहींना त्यासोबत स्थानिक समुपदेशकाच्या सहा ते आठ भेटी. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. हे समुपदेशक मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते.

विदर्भात 'विश्राम' उपक्रम अमरावती व वर्धा जिल्ह्यांत चालला. अमरावतीच्या गावांत नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

खानदेशाशेजारच्या नाशिक जिल्ह्यात २०१३ ते २०१५ या काळात 'आत्मीयता' प्रकल्प ४१ गावांत राबवला गेला. यात गावातलेच स्वयंसेवक त्रासलेली माणसे ओळखतात, काही भेटींत त्यांच्याशी बोलतात आणि सरकारी योजनांचे लाभ मिळवायलाही मदत करतात. ज्याचे रेशनच बंद आहे त्याची चिंता नुसत्या बोलण्याने जात नाही, हे यातून मान्य केले जाते.

समुपदेशक नेमके करतो काय?

पहिले काम ऐकणे. दुसरे, अडचणींची यादी करून एकेक सुटेल तशी सोडवणे. तिसरे, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पुन्हा छोट्या कामांकडे वळवणे: अंगण झाडणे, शेतावर चक्कर मारणे, शेजारी जाऊन बसणे. औषध देणे किंवा आजाराचे निदान करणे हे त्याचे काम नाही. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा, भास होणे, भान सुटणे असे काही दिसले की लगेच डॉक्टरकडे न्यायचे.

खानदेशात भाषा का महत्त्वाची?

जळगाव-धुळ्यात घरात अहिराणी, तावडी, भिली किंवा पावरी बोलली जाते. 'नैराश्य' हा शब्द तिथे कुणी वापरत नाही. झोप उडाली, डोके भणभणते, कशात जीव लागत नाही, असे सांगितले जाते. प्रमाण मराठीतली प्रश्नावली हे पकडू शकत नाही. वस्तीतला माणूस पकडतो.

मग अडते कुठे?

पहिली अडचण शिक्षणाची. महाराष्ट्रात अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या, तर विमुक्त व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. जे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिले, त्याच्याकडे तो कागद कुठून येणार? दाखला नाही म्हणजे राखीव जागा नाही, शिष्यवृत्तीही नाही. वस्तीतली हुशार मुलगी समाजकार्य किंवा मानसशास्त्राच्या पदवीपर्यंत पोहोचतच नाही.

दुसरी अडचण गुप्ततेची. समुपदेशक भावकीतलाच असेल तर घरातली गोष्ट चावडीवर जाईल अशी भीती असते. म्हणून गुप्तता हा प्रशिक्षणाचा भाग हवा आणि दुसऱ्या पाड्यावरच्या समुपदेशकाकडे जाण्याची सोय हवी.

तिसरी अडचण खुद्द समुपदेशकाची. दुसऱ्यांची दुःखे ऐकून तोही थकतो. त्याला मानधन आणि तज्ज्ञाची नियमित देखरेख हवी.

कार्ड नसेल तर उपचार मिळतात का?

हो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील कलम १८ नुसार दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला सरकारी किंवा सरकारी अनुदानावर चालणाऱ्या मानसिक आरोग्य संस्थेत मोफत उपचाराचा हक्क आहे, तिच्याजवळ दारिद्र्यरेषेचे कार्ड असो वा नसो. निराधार व बेघर व्यक्तींनाही तोच हक्क आहे. कार्ड नाही म्हणून कुणी परत पाठवत असेल, तर हे कलम दाखवता येते.

घरबसल्या बोलायचे असल्यास केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. मराठीत बोलता येते.