ज्येष्ठ शके १७८७ नंतरची पानं

मंडळी, आमच्या घरात खापरपणजोबांची एक गोष्ट चालत आली आहे. मुंबईत ते कापसाचे अडते. १८६५च्या आषाढीला पंढरपूरला गेले, वैराग्य आलं, परतले नाहीत. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. वर्गात वैराग्याचं उदाहरण म्हणून हेच सांगायचो!

निवृत्तीनंतर मोडी शिकलो आणि त्यांची कीर्द उघडली. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध. तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेना, म्हणून मुंबईचा भाव भडकला. तो पैसा शेअरांत गेला. बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर पोचला होता. एप्रिलमध्ये युद्ध आटोपलं, सगळं कोसळलं. वायदे पुरे करायचा दिवस १ जुलै. तिथी मांडून पाहिली: आषाढ शुद्ध अष्टमी. एकादशी तीनेक दिवसांवर.

कीर्दीत तेच वायदे आहेत. त्यांच्या हातची शेवटची नोंद ज्येष्ठ वद्यातली.

मग वैराग्य की पळ? तिथी जुळली म्हणून हेतू सिद्ध होत नाही, हे मीच विद्यार्थ्यांना बजावायचो. तेव्हा तो निकाल मी देणार नाही.

पण पुढची पानं कोरी नाहीत. अक्षर बदलतं. श्रावणात पाटल्या विकून जमा, मार्गशीर्षात नथ. खर्च घेणेकऱ्यांच्या नावे. अशी नऊ वर्षं. नोंदीत फक्त ‘हस्ते घरातून’.

आमच्या वंशावळीत खापरपणजोबा ठळक अक्षरात आहेत, त्यांच्या पत्नीच्या जागी नुसती रेघ. नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वहीत तिचं नाव सापडेल असं वाटतं. पुढच्या महिन्यात जाणार आहे.