प्लास्टर, कारधाचा पूल आणि कलम १८६

तर झालं असं. २०१२ चा पावसाळा. लाखनीजवळ मामाच्या गावी रोवणी चालू होती. वर्षातून एकदा शेतकरी व्हायची हौस असलेले अस्मादिक धुऱ्यावरून घसरले. डावं मनगट फ्रॅक्चर, कोपरापर्यंत प्लास्टर.

तेव्हा मी नागपुरात कामाला होतो. सोमवारी हापिसात रिलीज, म्हणून रविवारी संध्याकाळी आईला शेजारी बसवून गाडी काढली. मामा म्हणाला, "एका हातानं कसा चालवशील रे बाबू? सकाळी जाजो." मी हसलो. हायवे तर सरळ आहे, टॉप गिअरला टाकली की झालं!

आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे गिअर डाव्या हाताला. कारधाला वैनगंगेच्या पुलाअलीकडे पुढचा ट्रॅक्टर हळू झाला. गिअर बदलायला मी उजवा हात स्टिअरिंगवरून काढला आणि गाडी उजवीकडे सरकली. समोरून ट्रक. त्याच्या ड्रायव्हरनं गाडी बाहेर काढली म्हणून आज हे लिहितोय. मग बाजूला थांबलो, मामेभावाला फोन केला, तो एसटीनं आला आणि आम्हाला नागपूरला सोडलं. आई वाटेत एक शब्द बोलली नाही.

हे कायदेशीर होतं का, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

जखमी माणसानं गाडी चालवू नये, असा सरळ नियम शोधायला गेलो तर सापडत नाही. आहे ते मोटार वाहन कायद्याचं कलम १८६. ज्यामुळे आपलं गाडी चालवणं लोकांना धोक्याचं ठरेल असा आजार किंवा असमर्थता आपल्याला आहे, हे स्वतःला ठाऊक असताना गाडी चालवणं, हा गुन्हा. प्लास्टर, टाके, गुंगी आणणाऱ्या वेदनाशामक गोळ्या, कशाचीही यादी नाही. शेजारचं कलम १८५ दारूचं. तिथे आकडा आहे, १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. आमच्या भाषेत सांगायचं तर १८५ ला थ्रेशोल्ड आहे, आणि १८६ चा फ्लॅग युजरनं स्वतःच सेट करायचा :)

हे कलम १९८८ च्या कायद्याचं अपत्य नाही. १९३९ च्या कायद्यातही ते होतं. तेव्हा भंडारा 'मध्य प्रांत व वऱ्हाड' मध्ये होता. पुढे १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १ जुलै १९८९ ला नवा कायदा लागू झाला. पण 'स्वतःला ठाऊक असताना' ही अट तशीच राहिली.

दंडाची गंमत वेगळीच. १९८८ च्या कायद्यात पहिल्या वेळी २०० रुपयांपर्यंत, पुन्हा केलं तर ५००. ही रक्कम तीस वर्षं हलली नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं ती १००० आणि २००० झाली. म्हणजे त्या रविवारी पकडला गेलो असतो तर फार तर २०० रुपये. लायसन्सच्या फॉर्म १ मध्ये हातापायांच्या ताकदीबद्दल विचारतात, २५ मीटरवरून नंबर प्लेट दिसते का विचारतात. आपण टिक करतो आणि पुढे कित्येक वर्षं कोणी विचारत नाही. चाळिशीनंतर मात्र डॉक्टरांचा फॉर्म १-अ लागतो.

पण ट्रकऐवजी समोर सायकलवाला असता तर? तर प्रकरण २०० रुपयांवर मिटलं नसतं. भारतीय दंड संहितेचं ३०४अ हे निष्काळजीपणानं मृत्यूचं कलम १८७० पासून होतं, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आहे, पाच वर्षांपर्यंत. तिथे प्लास्टर ही सबब नसते, उलट तोच पुरावा.

मला ठाऊक होतं का? गेली काही वर्षं मी स्वतःला 'नव्हतं' असंच सांगत आलोय. पण मामानं अंगणात उभं राहून सांगितलं होतं, आणि आईनं ऐकलं होतं.

प्लास्टर दीड महिन्यानं निघालं. मनगट आखडलेलं, मूठ धड वळत नव्हती. गाडीची किल्ली आईनं तांदळाच्या डब्यात ठेवली होती. मूठ नीट वळेपर्यंत ती तिथेच होती.