श्रीरामपूरची बॅप्टिस्ट मंडळी व पुनरुत्थानाचा सण

श्रीरामपूरच्या छापखान्याचें नांव मराठी ग्रंथांच्या संग्राहकांस नवें नाहीं. विल्यम केरी याचें मराठी व्याकरण इ. स. १८०५ त व मोडी टाइपांतील मराठी कोश १८१० त तेथून बाहेर पडला. पंडित वैजनाथ शर्मा याच्या साहाय्यानें सिंहासनबत्तिशी, हितोपदेश इत्यादि पुस्तकें तयार झालीं, हेंही सर्वविश्रुत आहे. परंतु या उद्योगाचा इतिहास लिहितांना आमचे लेखक केरीस वैयाकरण, कोशकार व मुद्रक या तीन नात्यांनीं ओळखतात, आणि ज्या चौथ्या नात्यामुळें तो बंगाल्यांत राहिला तें सोडून देतात. केरी हा एका लहानशा बॅप्टिस्ट मंडळीचा पाळक होता. हें नातें वगळिलें म्हणजे श्रीरामपूरच्या कागदांतील तारखा, विशेषनामें व परिभाषा यांचा अर्थ लावण्यांत घोटाळे होतात. ते टाळण्यास साधन व्हावें, एवढ्याच हेतूनें प्रस्तुत लेखांत त्या मंडळीच्या आचाराचा, व विशेषतः ईस्टर म्हणजे ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा सण याविषयींच्या तिच्या दृष्टीचा, विचार करूं.

(१) पंथाची पूर्वपीठिका

इंग्रज बॅप्टिस्टांची पहिली मंडळी जॉन स्मिथ याच्या पुढारीपणाखालीं इ. स. १६०९ त ॲम्स्टरडॅम येथें स्थापन झाली. तींतील टॉमस हेल्विस याच्या अनुयायांनीं स्वदेशीं परत येऊन १६१२ च्या सुमारास लंडनजवळ स्पिटलफील्ड्स येथें मंडळी उभी केली. या पंथाचे दोन मुद्दे येथें लक्षांत ठेवावयाचे. पहिला असा कीं, बाप्तिस्मा तान्ह्या मुलास द्यावयाचा नसून ज्यानें समजून उमजून श्रद्धा पत्करली त्यासच, व तोही पाण्यांत पूर्ण बुडवून, द्यावयाचा; हें बुडविण्याचें बंधन पंथांत १६४० च्या सुमारास दृढ झालें. दुसरा असा कीं, जें शास्त्रांत सांगितलेलें नाहीं तें उपासनेंत आणावयाचें नाहीं.

या दुसऱ्या मुद्द्यामुळें नाताळ, ईस्टर इत्यादि वार्षिक सण त्यांच्या आचारांतून गळाले. हें मत एकट्या बॅप्टिस्टांचें नव्हतें. इ. स. १६४७ त इंग्लंडच्या पार्लमेंटानें हे सण कायद्यानेंच बंद केले होते. पुढें राजसत्ता परत आली व राजमान्य धर्मसंस्थेंत सणही परत आले. परंतु बॅप्टिस्ट, काँग्रिगेशनल वगैरे पंथांनीं जुनेंच वळण पुष्कळ काळ चालविलें. ख्रिस्त आठवड्याच्या पहिल्या दिवशीं उठला, म्हणून प्रत्येक रविवार हाच त्याच्या उठण्याचा दिवस, अशी त्यांची उपपत्ति होती. म्हणून त्यांच्या लिखाणांत रविवारास ‘प्रभूचा दिवस’ म्हणण्याचा परिपाठ आढळतो. ज्यास वर्षांतून बावन्न वेळां तो दिवस पाळावयाचा, त्यास त्रेपन्नाव्या सणाची गरज भासली नाहीं.

(२) मंडळीची स्थापना

केरीचा जन्म ता. १७ ऑगस्ट १७६१ रोजीं नॉर्दॅम्प्टनशायर परगण्यांत झाला. तो धंद्यानें चांभार. इ. स. १७८३ त नेन नदींत त्याचा बाप्तिस्मा झाला. पुढें मोल्टन व लेस्टर येथें त्यानें पाळकाचें काम केलें. ता. २ ऑक्टोबर १७९२ रोजीं केटरिंग येथें बॅप्टिस्टांची मिशनरी संस्था निघाली. तेव्हां जमलेल्या वर्गणीचा आंकडा तेरा पौंड, दोन शिलिंग व सहा पेन्स इतकाच होता. १७९३ च्या नोव्हेंबरांत केरी कलकत्त्यास उतरला. कंपनी सरकारची अनुकूलता नसल्यामुळें तो कांहीं वर्षें निळीच्या कारखान्यावर राहिला, व १८०० च्या जानेवारींत डेन्मार्कच्या अमलाखालील श्रीरामपुरास मार्शमन व वॉर्ड यांस येऊन मिळाला.

तेथील मंडळीची रीतसर स्थापना ता. २४ एप्रिल १८०० रोजीं झाली व केरीची पाळक म्हणून निवड झाली. या तारखेचा वार गुरुवार येतो. त्या वर्षीं ईस्टर १३ एप्रिलास, शके १७२२ च्या चैत्र वद्यांत, होता. म्हणजे मंडळीच्या जन्मास ईस्टरचा रविवार अकरा दिवसांपूर्वींच मोकळा मिळत असतां तो घेतलेला नाहीं. त्याच वर्षीं कृष्ण पाल नांवाच्या सुताराचा बाप्तिस्मा हुगळींत झाला, तो ता. २८ डिसेंबर, रविवार, म्हणजे नाताळानंतर तीन दिवसांनीं. केरीचा मुलगा फेलिक्स याचाही बाप्तिस्मा त्याच वेळीं झाला. एकट्या तारखेवरून सिद्धांत बांधूं नये हें खरें. पण दोन्ही प्रसंगीं सण हाताशीं असतां सोडलेला दिसतो, आणि तो पंथाच्या मूळ तत्त्वाशीं जुळतो, तेव्हां या पुराव्यास वजन येतें.

(३) १८०५ चा करार

या मंडळीचें खरें पंचांग पहावयाचें तर ता. ७ ऑक्टोबर १८०५ रोजीं श्रीरामपूरकरांनीं मान्य केलेला करार पहावा. त्याचीं कलमें अकरा. लोकांचे विचार व चालीरीति समजून घ्याव्या, त्यांचीं मनें विनाकारण दुखवूं नयेत, त्यांस बरोबरीनें वागवावें, भाषांतरें करावीं, स्वतःची म्हणून मालमत्ता ठेवूं नये, अशा स्वरूपाचीं तीं आहेत. हा करार प्रत्येक ठाण्यावर वर्षांतून तीन वेळां वाचावा असें ठरलें: जानेवारी, मे व ऑक्टोबर या महिन्यांच्या पहिल्या रविवारीं. वार्षिक आवर्तन ठरविण्याची वेळ आली असतांही सणांचा आधार न घेतां महिन्यांचा घेतला, हें येथें ध्यानांत धरावें. यांशिवाय दर महिन्याच्या पहिल्या सोमवारीं मिशनकार्यासाठीं प्रार्थना करण्याची चाल बॅप्टिस्टांत १७८४ पासून रूढ होती. आणि श्रीरामपूरच्या कुटुंबांत शनिवारची संध्याकाळ आपसांतील रुसवेफुगवे मिटविण्यास राखलेली असे. एकत्र चुलीवर राहणाऱ्या माणसांचा हा व्यवहारी नियम होता.

याच करारांतील एक गोष्ट कागदपत्रांच्या अभ्यासकांस विशेष उपयोगी आहे. धर्मांतरितांचीं मूळ नांवें बदलण्याचें कारण नाहीं, असें त्यांत म्हटलें आहे, व त्यांच्या मंडळ्यांवर देशी पाळकच नेमावेत असाही त्यांचा कल आहे. गोमंतकांत बाप्तिस्म्याबरोबर पोर्तुगीज नांव येई, त्यामुळें तेथील दप्तरांत ख्रिस्ती मनुष्य नांवावरून ओळखूं येतो. श्रीरामपूरच्या कागदांत तसें नाहीं. कृष्ण पाल हा कृष्ण पालच राहिला. सबब त्या छापखान्याशीं संबंध असलेल्या एखाद्या यादींत हिंदु वा मुसलमानी नांव आढळलें म्हणजे तो मनुष्य ख्रिस्ती नव्हता, असें अनुमान काढणें धोक्याचें होय.

मराठी व्याकरण, मत्तयाच्या शुभवर्तमानाचें मराठी भाषांतर व हा करार हीं तिन्ही एकाच सालचीं, हा केवळ योगायोग मानूं नये. लोकांची भाषा शिकणें हें करारान्वयें पाळकाच्या कर्तव्यांत मोडत होतें.

(४) सण नाहीं, पण पुनरुत्थान आहे

ईस्टर पाळीत नसत म्हणून पुनरुत्थानाचें महत्त्व कमी होतें असें मात्र नव्हे. रोमकरांस पाठविलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायांत बाप्तिस्म्यास ख्रिस्ताबरोबर पुरलें जाणें व त्याच्याबरोबर उठणें असें रूपक दिलें आहे. बॅप्टिस्टांच्या बुडविण्याच्या विधींत हें रूपक डोळ्यांस दिसतें: मनुष्य पाण्याखालीं जातो व वर येतो. म्हणून प्रत्येक बाप्तिस्मा हाच त्यांचा ईस्टर होता असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. याच कारणास्तव त्या शब्दाच्या भाषांतराविषयीं ते इतके हट्टी राहिले. मूळ ग्रीक शब्द तसाच ठेवावा कीं ‘बुडविणें’ या अर्थाचा देशी शब्द घालावा, यावर १८३० नंतरच्या दशकांत त्यांचा व बायबल सोसायटीचा तंटा झाला; अखेर इंग्लंडांतील बॅप्टिस्टांनीं १८४० त भाषांतरासाठीं आपली स्वतंत्र संस्था काढिली. संग्राहकांनीं जुन्या शुभवर्तमानांच्या प्रती पाहतांना या एका शब्दाकडे अवश्य लक्ष द्यावें; भाषांतरकाराचा पंथ कित्येकदां तेथेंच उघडा होतो.

पुनरुत्थानाची दुसरी जागा म्हणजे स्मशान. इ. स. १८०३ च्या ऑक्टोबरांत गोकुल नांवाचा धर्मांतरित वारला. देशी सभासदांतील हा पहिला मृत्यु. प्रेतास खांदा देण्याचा प्रश्न आला. बंगाल्यांत काय किंवा महाराष्ट्रांत काय, परजातीच्या प्रेतास हात लावणें म्हणजे काय हें वाचकांस सांगावयास नको. त्या दिवशीं मार्शमन, फेलिक्स केरी, एक ब्राह्मण धर्मांतरित व एक मुसलमान धर्मांतरित अशा चौघांनीं पेटी उचलली. त्याच वर्षीं एका ब्राह्मण धर्मांतरिताशीं कृष्ण पालाच्या मुलीचा विवाह झाला होता. मृत सर्व एकत्रच उठावयाचे, तर जिवंतपणीं वेगळे कां रहावें, हा विचार तेथें कृतींत उतरला. केरीच्या पाळकपणाचें मोल कोणास ठरवावयाचें असेल त्यानें कोशाच्या पृष्ठसंख्येबरोबर ही पेटीही विचारांत घ्यावी.

(५) मराठी मुलखाशीं संबंध

ता. ११ मार्च १८१२ रोजीं छापखान्यास आग लागली. कागद, टाइप व मौल्यवान हस्तलिखितें जळालीं. केरीच्या बहुभाषिक कोशाची सामग्रीही गेली. यंत्रें व टाइपांचे मूळ ठसे वांचले, म्हणून थोड्याच आठवड्यांत काम पुन्हां सुरू झालें. त्या साली ईस्टर २९ मार्चास होता. म्हणजे राखेंतून धातु वेंचून नवे टाइप ओतण्याची धांदल ऐन त्या दिवसांतील.

त्याच वर्षीं अमेरिकेहून कांहीं मिशनरी कलकत्त्यास आले. ते काँग्रिगेशनल पंथाचे. परंतु त्यांपैकीं अडोनिराम जडसन यानें मतांतर करून ता. ६ सप्टेंबर १८१२ रोजीं लालबाजारच्या बॅप्टिस्ट मंदिरांत वॉर्डच्या हातून बाप्तिस्मा घेतला, व ल्यूथर राइस यानेंही लौकरच त्याचें अनुकरण केलें. जडसन ब्रह्मदेशास गेला. मूळ पंथास धरून राहिलेले गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस पोंचले, व तेथूनच अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ झाला. एका बाप्तिस्म्याच्या वादानें एकाच तुकडीच्या वाटा ब्रह्मदेश व महाराष्ट्र अशा फुटल्या.

(६) कालनिर्णयाविषयीं सूचना

ईस्टर हा ता. २१ मार्च रोजीं किंवा नंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरच्या रविवारीं धरतात. तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान पडतो. आमच्या गणनेनें ती पौर्णिमा बहुधा चैत्री, क्वचित् फाल्गुनी असते. पेशवाई बुडाली त्या १८१८ सालीं तो अगदीं पहिल्या मर्यादेस, २२ मार्चास, फाल्गुनी पौर्णिमेच्या संधीस आला होता. रोमन कॅथलिक कागदांतील ईस्टरच्या उल्लेखावरून अशा रीतीनें तिथि काढतां येते; त्या पंथांत या सणाचें स्थान किती मोठें, हें फादर स्टीफन्सच्या १६१६ त छापलेल्या ख्रिस्तपुराणावरूनही दिसतें. आरंभकालच्या बॅप्टिस्ट कागदांस ही रीत लागू पडत नाहीं. तेथें ‘प्रभूचा दिवस’ हा शब्द शोधून तारखेशीं वाराचा मेळ घालावा. वर दिलेल्या १८०० व १८१२ च्या दोन्ही बाप्तिस्म्यांच्या तारखा जंत्रीनें रविवारच येतात. मेळ न बसल्यास नकलेंत चूक आहे असें समजावें. आज पुष्कळ बॅप्टिस्ट मंडळ्यांत ईस्टरची उपासना होते. परंतु ती चाल मागें नेऊन केरीच्या काळावर लादूं नये.

तात्पर्य, मराठी मुद्रणाच्या आरंभींचीं हीं पुस्तकें ज्या घरांतून निघालीं त्या घराचे वार, नियम व शब्द समजल्यावांचून त्यांचा इतिहास पुरा होत नाहीं. ज्यांच्या संग्रहीं श्रीरामपूरचे ग्रंथ आहेत त्यांनीं मुखपृष्ठावरील सालाबरोबर आंतील परिभाषाही टिपून ठेवावी, म्हणजे पुढील संशोधकांचें काम सुलभ होईल.