उमरा-हजच्या सफरीत इन्सुलिन: काय न्यायचं, कसं सांभाळायचं

आपल्या घरांतून उमरा-हजला जाणाऱ्यांत वयस्कर मंडळी बरीच असतात आणि त्यांच्यात शुगरवालेही कमी नसतात. गोळी खिशात मावते. इन्सुलिनला मात्र थंडावा लागतो, सुई लागते, कागद लागतात. अम्मीच्या पहिल्या उमराच्या वेळी आम्ही तिचं इन्सुलिन मोठ्या बॅगेत भरलं. ती बॅग जिद्दाला दुसऱ्या दिवशी पोहोचली. ती रात्र आम्ही विसरलेलो नाही. तेव्हापासून जे शिकलो, ते इथे देतो.

कागदपत्रं

डॉक्टरांकडून लेटरहेडवर इंग्रजीत चिठ्ठी घ्या. नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं. आजार, औषधाचं मूळ नाव (फक्त कंपनीचं नाही), डोस आणि सुया सोबत ठेवणं गरजेचं असल्याचं त्यात लिहून घ्या. औषध मूळ खोक्यातच ठेवा, मेडिकलचं बिल जोडा. झेरॉक्स सोबतच्या माणसाकडे द्या.

सामान

इन्सुलिन, सुया, शुगर तपासायचं मशीन सगळं हातातल्या बॅगेतच. विमानाच्या पोटात सामान गोठण्याइतकी थंडी होऊ शकते आणि गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. ते वितळलं तरी वापरू नका. लागेल त्याच्या दुप्पट न्या आणि दोघांच्या हातबॅगांत वाटून ठेवा. तपासणीच्या वेळी ट्रे पुढे सरकवण्याआधीच "इन्सुलिन आणि सुया आहेत" असं सांगून टाका.

थंडावा

न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवतात. वापरात असलेलं पेन साधारण 25-30 अंशांच्या आत बहुतेक वेळा चार आठवडे टिकतं. नेमकी मुदत खोक्यातल्या कागदावर वाचा. मक्केत जून 2024 च्या हजमध्ये पारा 50 अंशांच्या वर गेला होता. म्हणून मिना-अराफातला थंड पाऊच हवाच, पण बर्फ किंवा जेलपॅक औषधाला थेट चिकटू देऊ नका. हॉटेलच्या छोट्या फ्रिजमध्येही बर्फाच्या कप्प्यापासून लांब ठेवा.

40 आणि 100 चा घोळ

सगळ्यात धोक्याची गोष्ट हीच. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच बाटल्यांत एका मिलीलीटरला 40 युनिट असतात आणि त्यांची सिरिंज लाल टोपीची. परदेशात, सौदीतही, 100 युनिटचं इन्सुलिन चालतं. त्याची सिरिंज नारिंगी टोपीची. समजा, डोस 20 युनिटचा आहे. तिथे घेतलेलं 100 चं औषध इथून नेलेल्या लाल टोपीच्या सिरिंजमध्ये 20 च्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात 50 युनिट जातात, म्हणजे अडीचपट! शुगर एकदम खाली येऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. उलट केलं तर डोस फक्त 8 युनिट. म्हणून बाटली आणि सिरिंजवरचा आकडा जुळवूनच टोचा. पेनमध्ये हा घोळ होत नाही. पेनवर जायचं असेल तर डॉक्टरांना महिनाभर आधी विचारा, म्हणजे घरीच सवय होते.

वेळ आणि चालणं

सौदीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. प्रवासाच्या दिवशीचा डोस कधी घ्यायचा, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. सईचे सात फेरेच तीन किलोमीटरच्या वर जातात, तवाफ वेगळा. इतकं चालल्यावर शुगर उतरते. ग्लुकोज किंवा खजूर खिशात असू द्या. घाम, थरथर, चक्कर आली की आधी गोड खा आणि बसा, बाकी नंतर.

इतर औषधं

इन्सुलिनला सहसा वेगळी परवानगी लागत नाही. पण ट्रामाडोलसारखी दुखण्याची औषधं, अल्प्राझोलामसारख्या गोळ्या सौदीत नियंत्रित आहेत. त्यांची परवानगी सौदी फूड अँड ड्रग अथॉरिटीकडून ऑनलाइन, निघण्याआधीच घ्यावी लागते. शेजाऱ्याने "तिकडे अमक्याला द्या" म्हणून दिलेली पुडी तर अजिबात नेऊ नका.

वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका, हॉटेलच्या कचऱ्यात सुट्या नकोत. साफसफाई करणाराही कुणाचा तरी बाप-भाऊ असतो.